डॉक्टरकीची वाट आणि विज्ञानाचा विषय

रायपुरातील मराठी घरांचा इतिहास सांगताना भोसल्यांच्या स्वाऱ्या येतात, रेल्वे येते, गणेशोत्सव आणि नाटके येतात. नववीत मुलाने गणित घ्यावे की जीवशास्त्र, या प्रश्नावर किती घरांत रात्र रात्र खल झाला, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. वास्तविक आपल्या कुटुंबांच्या सुखदुःखाशी या प्रश्नाचा संबंध पुष्कळ जवळचा आहे. म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात, डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी विज्ञानाचा कोणता विषय निवडला, का निवडला, आणि त्या निवडीचे पुढे काय झाले, याचा धांडोळा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी छत्तीसगढवर आली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथे राज्य केले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि तिच्या रुळांवरून कारकून, शिक्षक, वकील, तारमास्तर अशी मराठी माणसे आणखी मोठ्या संख्येने पूर्वेकडे आली. तात्यापारा, बूढापारा या भागांत त्यांची बिऱ्हाडे वसली. यांपैकी पुष्कळांजवळ जमीनजुमला नव्हता. मुलांना द्यावयाची इस्टेट म्हणजे शिक्षण, आणि शिक्षणातही डॉक्टरकी सर्वांत भरवशाची मानली जाई. कारण डॉक्टरला बदलीची धास्ती नसते, आणि परमुलखातही त्याचे दार ठोठावणारा माणूस त्याची भाषा विचारीत नाही.

परंतु डॉक्टर व्हावयाचे कोठे? डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ साली आपल्या शेजारच्या बिलासपुरात झाला. वैद्यकाची पदवी मात्र त्यांनी १८९८ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून घेतली. पुढे नागपुरात नावारूपाला आलेले आणि १९३७ साली प्रांताचे मुख्यमंत्री झालेले डॉ. नारायण भास्कर खरे लाहोरला शिकले. नागपूरचे डॉ. केशव बळिराम हेडगेवार १९१० साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी कलकत्त्यास गेले. मुंबई, लाहोर आणि कलकत्ता: एकाच प्रांताशी नाते असलेले तिघे तीन टोकांस गेले, कारण वैद्यकाची पदवी देणारे महाविद्यालय या प्रांतात नव्हतेच.

१९१४ साली नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, तेव्हा परिस्थिती काहीशी पालटली. तेथे पदवी नव्हे, परवाना मिळे. मॅट्रिक झालेल्या मुलाला थोड्या वर्षांत आणि बेताच्या खर्चात वैद्यकीय व्यवसायात शिरता येई. ज्याला पदवीच हवी, त्याने आधी इंटर सायन्स करावे आणि मग दूरचे महाविद्यालय गाठावे, असा दुसरा मार्ग होता. इंटर सायन्सही रायपुरात नव्हते. त्यासाठी नागपूरच्या व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्ससारख्या संस्थेत जावे लागे. ते १९०६ सालचे. रायपुरातले पहिले महाविद्यालय, छत्तीसगढ कॉलेज, निघाले ते १९३८ साली. याचा अर्थ असा की त्या पिढीपुढे विषयाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतच नव्हता. नागपुरात कोणाकडे राहता येईल, खाणावळीचे पैसे कोण देईल, या प्रश्नांची उत्तरे ज्या घरापाशी होती, त्या घरच्या मुलाने विज्ञान घेतले. इतरांनी मॅट्रिकनंतर नोकरी धरली.

१९४६ साली भोर समितीने सबंध देशात एकाच प्रतीचा, पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली आणि परवान्याची जुनी पायरी हळूहळू नाहीशी झाली. १९४७ साली नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाठोपाठ १९४८ साली रायपुरात शासकीय विज्ञान महाविद्यालय निघाले. आज ते नागार्जुनाच्या नावाने ओळखले जाते. या दोन घटनांनी आपल्या घरांना प्रथमच एक सरळ वाट दिसू लागली. मुलाने घरी राहून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन इंटर करावे, चांगले गुण मिळवावेत आणि रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे. तेथे मावशी असे, आत्या असे, आणि बोलणे मराठीत होई. या वाटेला जेमतेम आठ-नऊ वर्षांचे आयुष्य लाभले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले. रायपूर नव्या मध्य प्रदेशात आले आणि राजधानी भोपाळला गेली. भाषावार पुनर्रचनेचा आनंद महाराष्ट्रात सर्वांना आहे, आम्हालाही आहे. तथापि सीमेच्या या बाजूस राहिलेल्या मराठी माणसाला त्या दिवशी काय गमवावे लागले, हे फारसे कोणी लिहिले नाही. नातीगोती नागपुरात आणि रहिवासाचा दाखला मध्य प्रदेशचा, अशी आपली स्थिती झाली. वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा मुख्यतः त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे नागपूरचे महाविद्यालय रेल्वेच्या वेळापत्रकात होते तेवढेच जवळ राहूनही आपल्यापासून दूर गेले. नव्या राज्यातील महाविद्यालये ग्वाल्हेर (१९४६), इंदूर (१९४८), जबलपूर (१९५५) आणि भोपाळ (१९५५) येथे होती. त्यांतले जबलपूर त्यातल्या त्यात जवळ. बाकीची तिन्ही म्हणजे रायपूरकराला परगावच.

त्याच सुमारास गणिताचे पारडे जड होत होते. १९५६ सालीच रायपुरात खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय आले. पुढे त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २००५ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. गणित घेणाऱ्या मुलाला शिक्षण घराशेजारी आणि नोकरीही घराशेजारी, अशी सोय झाली. अकरा वर्षांच्या हायर सेकंडरीत विषयांचा गट नववीतच ठरत असे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बेडकाचे हृदय पाहून कुतूहल वाटते की त्रिकोणमितीचे उदाहरण सुटल्यावर आनंद होतो, हे विचारण्यापेक्षा कोणते महाविद्यालय सायकलीच्या टप्प्यात आहे, हे पाहून गट ठरावा, यात आई-वडिलांचा दोष काढता येणार नाही. परंतु विषयाची निवड ही आवडीपेक्षा नकाशावर ठरते, हा या इतिहासातला पहिला धडा आहे, आणि तो येथे नमूद केला पाहिजे.

१९६३ साली रायपुरातच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि नकाशा पुन्हा बदलला. आज ते पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नावाने चालते. दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या डी. के. हॉस्पिटलात विद्यार्थ्यांनी रोगी तपासण्याचे पहिले धडे घेतले. (याच इमारतीत राज्यनिर्मितीनंतर बारा वर्षे मंत्रालय होते, आणि आता तेथे पुन्हा रुग्णालय आहे.) १९६४ साली रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला असे आम्हास वाटते. जबलपूर-भोपाळच्या वसतिगृहात मुलीला ठेवण्यास जे घर धजत नव्हते, त्या घरातली मुलगी आता सकाळी डबा घेऊन निघून संध्याकाळी परत येऊ शकत होती. जीवशास्त्राच्या वर्गात मराठी आडनावांच्या मुली दिसू लागल्या, त्यामागे समाजसुधारणेइतकाच पत्त्याचाही भाग होता.

मात्र महाविद्यालय जवळ आले म्हणून जागा जवळ आल्या नाहीत. १९७० साली मध्य प्रदेशात प्री-मेडिकल टेस्टचे मंडळ स्थापन झाले आणि 'पी.एम.टी.' ही तीन अक्षरे घरोघरी शिरली. आता महाविद्यालयातील गुणांपेक्षा या एका परीक्षेला महत्त्व आले. परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे चार विषय असत. पहिल्या प्रयत्नात यश न आलेल्या विद्यार्थ्याने दरम्यान काय करावे? त्याने बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा आणि पुन्हा परीक्षेस बसावे, हा प्रघात पडला. बी.एस्सी.साठी विषय कोणते, याचे उत्तरही ठरून गेले: रसायन, वनस्पती आणि प्राणी. पी.एम.टी.च्या चारपैकी तीन विषय त्यात येत, म्हणून हा गट सोयीचा.

या सोयीत एक मेख होती. चौथा विषय, भौतिकशास्त्र, या गटात नव्हता. विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला बसे, तोवर प्राण्यांचे वर्गीकरण त्याला पाठ झालेले असे. परंतु प्रकाशाचे वक्रीभवन आणि विद्युत्प्रवाहाची उदाहरणे शाळेत सोडवली, त्याला दोन-तीन वर्षे उलटलेली असत. ज्यांनी संध्याकाळी एखाद्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे जाऊन ती उजळणी चालू ठेवली, त्यांचा निभाव लागे. इतरांचा प्रयत्न तेथेच अडे. भाषेचीही तीच कथा. घरी प्राणिशास्त्र म्हणावयाचे, शाळेत 'प्राणि विज्ञान' आणि कॉलेजात 'झूऑलॉजी'. एकाच गांडुळाला तीन भाषांत ओळखणे हे परप्रांतातल्या मराठी विद्यार्थ्याचे विशेष ओझे होते. आणि ज्याने ते पेलले, त्याला पुढे रोग्याशी बोलताना त्याचा फायदाही झाला, हेही खरे.

यापेक्षा गंभीर गोष्ट निराळीच होती. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना जागा मिळत नसे; जागा मोजक्या आणि उमेदवार अनेक असल्यावर दुसरे काही होणे शक्यही नव्हते. म्हणजे बी.एस्सी.चा जो गट केवळ थांबण्याची जागा म्हणून घेतला, त्याच गटाच्या पदवीवर बहुतेकांना आयुष्य काढावे लागले. स्टेशनवरील वेटिंग रूममध्ये सामान न सोडता बसावे, तसे हे विद्यार्थी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसले. गाडी आली नाही, आणि खोलीत काय काय होते तेही पाहावयाचे राहून गेले. अशांपैकी कोणी बँकेत गेले, कोणी आयुर्विम्यात, कोणी औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारी बसले. प्रामाणिक कष्टाचे हे सर्व व्यवसाय आहेत. त्यांत कमीपणा मुळीच नाही. परंतु घरातल्या बोलण्यात 'त्याचे मेडिकल हुकले' हे वाक्य चाळीस वर्षे टिकून राहिले आणि त्याने काय मिळवले, हे सांगावयास वाक्यच उरले नाही, ही खंत मात्र खरी आहे.

वास्तविक या विषयांत किती सामर्थ्य होते, याचे उदाहरण शोधण्यास रायपूर सोडण्याचे कारण नाही. १९६१ साली येथे कृषी महाविद्यालय निघाले आणि १९८७ साली इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ झाले. डॉ. आर. एच. रिछारिया हे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविल्यानंतर १९७० च्या दशकात त्यांनी रायपुरात बसून या प्रदेशातील खेड्यापाड्यांतून भाताच्या सतरा हजारांहून अधिक वाणांचे नमुने गोळा केले. तो ठेवा आजही येथील कृषी विद्यापीठात जपला जात आहे. छत्तीसगढला 'धान का कटोरा' म्हणतात. त्या कटोऱ्यात काय आहे, हे दाण्यादाण्याने मांडून ठेवणारा माणूस वनस्पतिशास्त्राचा होता. आपली मुले त्याच वर्षांत, त्याच गावात, तोच विषय केवळ पी.एम.टी.च्या गुणांसाठी घोकीत होती.

दुसरे उदाहरण थेट वैद्यकातले. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत मोठ्या प्रमाणात आढळतो. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे १९४९ साली दाखवून दिले ते लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पॉलिंग हे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या रेणूतील साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते, एवढाच फरक असल्याचे शोधून काढले. दोन्ही आईवडील वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता चारात एक, हे गणित आनुवंशिकीचे. बस्तरच्या किंवा महासमुंदच्या रोग्याची चाचणी करावयाची तर रसायन हवे, कुटुंबास समजावून सांगावयाचे तर आनुवंशिकी हवी, आणि गावोगावची तपासणी आखावयाची तर संख्याशास्त्र हवे. तेव्हा 'डॉक्टरकीस उपयोगी विषय कोणता' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, मनापासून शिकलेला कोणताही विज्ञानविषय उपयोगी पडतो आणि अर्धवट शिकलेला कोणताच पडत नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि आपल्या गावाला राजधानीचा मान मिळाला. नव्या राज्याने आपली स्वतंत्र पी.एम.टी. घेण्यास प्रारंभ केला. बिलासपूर व जगदलपूर येथे वैद्यकीय महाविद्यालये निघाली. २०१२ साली रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची पहिली तुकडी दाखल झाली. आंबेडकर रुग्णालयाला रायपूरकर अजून 'मेकाहारा' म्हणतात, आणि त्याच्याच जोडीने आता 'एम्स'ही बोलण्यात आले आहे. उलटपक्षी, जुन्या मध्य प्रदेशातील प्रवेशपरीक्षांचा 'व्यापम' घोटाळा २०१३ साली उजेडात आला, तेव्हा वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे परीक्षा देणाऱ्यांच्या मनाला केवढा घरा पडला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. २०१६ पासून 'नीट' ही देशभराची एकच परीक्षा रूढ झाली. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, १८० रसायनाचे आणि १८० भौतिकशास्त्राचे. २०२४ साली या परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले; देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सुमारे १ लाख १० हजार. सरळ भागाकार केला तर वीस-एकवीस जणांत एक.

या नव्या व्यवस्थेत थांबण्याची जागाही बदलली आहे. पूर्वी मुलगा बी.एस्सी.च्या वर्गात थांबे. तीन वर्षांनी हाती निदान पदवी येई. आता तो भिलाईच्या किंवा कोट्याच्या शिकवणी वर्गात 'ड्रॉप' घेऊन थांबतो. एक वर्ष, दोन वर्षे, कधी तीन. त्याच्या शेवटी जागा मिळाली तर उत्तम. न मिळाली तर हाती काहीच राहत नाही. जुन्या वेटिंग रूमला निदान छप्पर होते, असे म्हणावेसे वाटते. दोन प्रयत्नांनंतर मुलाने अमुक एका विषयाच्या पदवीस बसावयाचे, हा निर्णय पहिल्या प्रयत्नाच्या आधीच घरात झालेला असावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. निकालाच्या दिवशी घेतलेला निर्णय सहसा शहाणपणाचा नसतो.

मंडळाच्या अनेक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत आणि त्यांची मुले तेथे डॉक्टरकीच्या तयारीत आहेत. तेथील पद्धत समजून घेतल्याने आपला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर तेथील वैद्यकीय शिक्षण महाविद्यालयीन पायावर उभे राहिले. आज विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतो आणि मग वैद्यकाकडे वळतो. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र यांचे ठराविक अभ्यासक्रम त्याने पुरे करावयाचे असतात. पदवीचा मुख्य विषय मात्र इतिहास असो, संगीत असो वा गणित, त्यास आडकाठी नसते. २०१५ पासून तेथील प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आले. त्यामुळे रायपूरची आजी फोनवर विचारते, 'बायॉलॉजीच घेतलेस ना?' आणि नात सांगते, 'नाही आजी, तत्त्वज्ञान'. तेव्हा आजीने काळजी करण्याचे कारण नाही. भारतात ही मोकळीक नाही. येथे बारावीपर्यंत जीवशास्त्र हवेच. मात्र येथील दारही थोडे सैल झाले आहे: बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यास 'नीट'ला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. दहावीनंतर गणिताकडे गेलेल्या मुलाला परतीचा रस्ता आता पूर्वीसारखा बंद नाही.

सव्वाशे वर्षांच्या या प्रवासात महाविद्यालय मुंबईहून नागपुरास आले, नागपूर परके झाले, आणि शेवटी ते आपल्या दारात आले. परीक्षा बदलल्या, राज्ये बदलली. एक गोष्ट बदलली नाही: डॉक्टर होण्यासाठी निघालेल्या मुलांत न होणारेच अधिक असतात. तेव्हा विषय निवडताना 'याने प्रवेश मिळेल का' याच्या जोडीने 'प्रवेश न मिळाला तर याच्या सोबतीने आयुष्य काढता येईल का' हा प्रश्न मुलाला विचारावा, आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. ज्याला रसायनाची गोडी आहे त्याने रसायन घ्यावे, ज्याला झाडापानांची आहे त्याने वनस्पती घ्यावी. वैद्यकाचे दार उघडले तर ते ज्ञान आत नेता येते, न उघडले तर बाहेरही ते आपलेच असते.

आपल्या मंडळाने दरवर्षी दहावीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. त्याच दिवशी, हार-तुरे झाल्यावर, आपल्यातले एक-दोन डॉक्टर आणि बी.एस्सी. करून निराळ्या वाटेने गेलेली एक-दोन वडीलधारी माणसे यांना मुलांपुढे बसवावे आणि मुलांना मोकळेपणी प्रश्न विचारू द्यावेत. डॉक्टरांचे अनुभव मुलांनी पुष्कळ ऐकले आहेत. दुसऱ्यांचे ऐकण्याची वेळ आता आली आहे.